खो बसायच्या आधी

"टाक ते पोतं खाली!"

इलाहीमामा परड्याच्या दारातूनच ओरडले आणि मी दचकले. खांद्यावर शाळूचं अर्धं पोतं, मांड्या लटलट कापतायत आणि तोंडानं आकडे चाललेले, एकशे बारा, एकशे तेरा. त्या ओरडण्यानं तोल गेला. पोतं एकीकडं, मी एकीकडं. माझी अडीच वर्षांची प्राजू उंबऱ्यावर बसली होती, ती खदखदून हसली. तिला वाटलं, आई खेळतेय.

"किती दिस चाललंय हे?" मामांनी विचारलं.

"महिना झाला. रोज दोनशे बैठका."

"आन् झालं काय त्यानं?"

"मांड्या बघा की कशा झाल्यात."

"मांड्या काय बाजारात मांडायच्यात? मी इचारतोय, खो बसल्यावर उठतीस का आधीपेक्षा लवकर?"

आदल्याच दिवशी ते आमच्या मंडळाच्या मैदानाकडेला सायकल टेकवून माझा खेळ बघत उभे होते. पाठीवर खो बसल्यावर मी उठले, ती म्हातारी जात्यावरून उठावी तशी. समोरची पोरगी तोवर चार पावलं लांब गेली होती.

इलाहीमामा माझ्या आईचे मानलेले भाऊ. गावात सायकलचं दुकान. तरुणपणी वेटलिफ्टिंगमध्ये नाव काढलेला माणूस. दुकानामागच्या खोलीत त्यांचा लोखंडी गज आणि वजनाच्या चकत्या अजून होत्या, आणि त्या ते बायकोपेक्षा जास्त जपतात असं मामी चारचौघांत सांगायच्या.

"पोतं उचलायला शिकलीस तू," मामा म्हणाले. "उठायला न्हाई शिकलीस. हमालाच्या अंगात काय कमी ताकद असती? पर त्याला म्हण, पळ. पळतोय का? सावकाश ताकद लावायची सवय केलीस, पाय सावकाशच झाले."

"मग आता काय करू?" मला रडूच फुटलं. "दीडच महिना राहिलाय मामा."

दीड महिना कशाला राहिला होता, ते सांगते. लग्नाआधी वारणाकाठच्या आमच्या पाच गावांत माझ्यासारखी खो-खो खेळणारी पोरगी नव्हती, हे मी नाही, लोक म्हणायचे. मग लग्न झालं, प्राजू झाली, आणि नवऱ्यानं घरात दुसरी आणून बसवली. मी लेकीला काखेत मारून दादाच्या दारात आले. दोन वर्षं त्यानं सांभाळलं. मग एक दिवस म्हणाला, "शालन, स्थळ आलंय. कर्नाटकातलं. बिजवर हाय, दोन पोरं हाईत. माणूस चांगलाय. फकस्त पोरगी नको म्हणत्यात."

"आणि प्राजू?"

"तिच्या बापाकडं धाडू."

मी घर सोडल्यापासून त्या बापानं तिला दोनदाच पाहिलं होतं. दादा वाईट नव्हता. थकला होता. थकलेल्या माणसाशी भांडताही येत नाही, तो आधीच खाली मान घालून बसलेला असतो.

मला एकच वाट दिसत होती. त्या काळी आमच्या जिल्ह्याचा बायकांचा संघ राज्यात पहिल्या तिनातून खाली उतरत नसे, आणि संघातल्या मुलींना खेळाडूंच्या कोट्यातून नोकऱ्या लागत. नोकरी लागली की मी माझी, प्राजू माझी. निवड दसऱ्याच्या आधीच्या रविवारी होती. "दसऱ्यापातुर थांबतो," दादा म्हणाला. "मग मातुर हट्ट करायचा न्हाई."

म्हणून ते पोतं. मला सत्ताविसावं लागलं होतं, आणि निवडीला येणाऱ्या पोरी अठरा-एकोणीसच्या असायच्या.

दुसऱ्या दिवसापासून मी मामांच्या मागच्या खोलीत जायला लागले. त्यांनी गजाला माझ्या पोत्याच्या निम्म्या वजनाच्या चकत्या लावल्या. मला अपमानच वाटला.

"एवढंच?"

"एवढंच. खाली सावकाश जायचं. वर येताना मातुर बंदुकीतनं सुटल्यागत. पाच येळा. मग बसायचं, पाणी प्यायचं, तीन मिनटं कायबी करायचं न्हाई. पुन्हा पाच. अशा पाच फेऱ्या. वेग पडला की त्या दिवसाचं काम बंद."

"दिवसाला पंचवीस बैठका? मी दोनशे मारत होते मामा!"

"म्हणून तर म्हातारी झालीस."

मग त्यांनी मला भिंतीशी उभं केलं, बोटांना खडू लावला आणि जागच्या जागी उडी मारून जमेल तितक्या वर बोट टेकवायला सांगितलं. पांढरा ठिपका उमटला. शेजारी त्यांनी तारीख घातली. "ह्यो ठिपका खोटं बोलत न्हाई," म्हणाले. "पायात झटका किती हाय ते ह्योच सांगणार."

पहिला आठवडा काहीच झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात ठिपका दोन बोटं वर गेला. माझा विश्वास बसेना, कारण मांड्या तर होत्या तेवढ्याच होत्या.

"मांडी वाढायला टाइम लागतोय," मामा म्हणाले. "आधी नसा शिकत्यात. डोस्क्यानं सांगितलं उठ, की पायानं समदी ताकद एकदम टाकायची, ह्ये आधी शिकायचं असतंय. पैल्या दोन-तीन हप्त्यांत ह्येच हुतंय. मांस मागनं येतंय."

हे ऐकून मला जो आनंद झाला त्यानंच माझा घात केला. दोन आठवड्यांत दोन बोटं, तर दुप्पट केलं तर चार का नाही? मी मामांना न सांगता घरी पुन्हा पोतं काढलं. पहाटे शंभर, संध्याकाळी शंभर. बसून राहणं मला जमतच नव्हतं. ज्याचं घर जळतंय त्याला तीन मिनिटं बसून पाणी प्यायला सांगून बघा.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी भिंतीशी उडी मारली, तर ठिपका पहिल्या दिवसाच्याही खाली उमटला.

मामांनी ठिपक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "घरात काय करतीयास?"

मी सांगितलं. ते ओरडतील वाटलं होतं. ओरडले नाहीत. स्टुलावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तुला मरायची घाई झाल्यागत करतीस. पाय थकल्यावर जे करशील ते सावकाशच हुणार, आन् सावकाश केलेलंच ते ध्यानात ठिवणार. चार दिस घरी बस. काय करू नको. पोरीला घिऊन बस."

ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सर्वात वाईट. एकवीस दिवस राहिलेत आणि मी शेंगा फोडत बसलेय. प्राजू मांडीवर येऊन शेंगदाणे खायची आणि मी तिच्या केसांत बोटं घालून मनात दिवस मोजायची. त्या चार दिवसांत दादानं एकदा स्थळाकडच्या लोकांचं पत्र आल्याचं सांगितलं. मी पत्र बघितलंही नाही.

पाचव्या दिवशी ठिपका चार बोटं वर गेला. तारीख लिहिताना मामांचा खडू मोडला.

आता दुसरंच लफडं उभं राहिलं. मामा मला वर उठायची खूण टाळीनं करत. टाळी वाजली की मी सुटायची. मंडळाच्या सराव सामन्यात मी पाटीत, मधल्या रांगेत, बसले होते. खो-खोत बसलेल्या गड्याला पाठीवर हात बसून 'खो' ऐकल्याशिवाय उठता येत नाही, उठला तर फाऊल. कडेला कुणीतरी कुणाच्या तरी खेळावर खुश होऊन टाळी वाजवली, आणि मी ताडकन उभी! सगळं मैदान हसलं. शिट्टी वाजली. मी एकटी मधोमध उभी, आणि मला कळेना की बसावं की पळून जावं.

घरी येऊन मी चुलीपुढं बसले आणि वहिनीला सगळं सांगितलं. माझी वहिनी, तानूबाई, बोलायला काटेरी. मी घरात आल्यापासून माझ्याशी ती दोन वाक्यांच्या वर बोलली नव्हती. भाकरी थापता थापता म्हणाली, "मग टाळी कशाला? पाठीवर हातच मारायचा."

"कोण मारणार?"

"मी मारीन की. दोन वर्सं झाली, माझा हात शिवशिवतोयच."

दुसऱ्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की ती मामांच्या खोलीत यायची. मी गज खांद्यावर घेऊन खाली बसायची, ती मागं उभी. कधी फाडकन मारायची, कधी माशी बसावी इतका हलका हात टेकवायची. कधी मुद्दाम हात न लावताच मोठ्यानं 'खो' ओरडायची, आणि मी उठले की मामांना म्हणायची, "बघा, उठली. हिला माझ्यावर भरवसाच लई."

शेवटच्या दोन आठवड्यांत माझी पाठ इतकी शहाणी झाली की हात टेकला, हात टेकायला आला आणि हात आलाच नाही, या तिन्हींतला फरक तिला डोळे मिटून कळायचा. हे नीट लक्षात ठेवा. माझ्या पाठीला कळायचं.

एकदा मी वहिनीला विचारलं, "तुम्ही कशाला एवढं करताय? मी गेले तर तुमचीच खोली मोकळी हुईल."

"तू नोकरीवर गेलीस तरी हुईलच की मोकळी," ती म्हणाली. मग हात पुसत, "पोरगी आईपास्नं तुटू नये. मी माझ्या आईपास्नं तुटलेली हाय. बस खाली."

निवडीच्या सकाळी ठिपका पहिल्या दिवसापेक्षा सात बोटं वर होता.

मैदान तालुक्याच्या गावी. तीसेक पोरी आल्या होत्या. माझ्या शेजारी पायाला पट्टी गुंडाळत एक सावळी, उंच पोरगी बसली होती. वनिता लोहार, वय एकोणीस. मला म्हणाली, "ताई, तुमचा खेळ मी लहानपणी बघितलाय."

"लहानपणी! बरं बाई."

ती लाजली. "तसं न्हाई हो. मी तुमचं बघूनच खेळाय लागले. औंदा झालं तर झालं. न्हाईतर बाबा म्हणत्यात, आता खेळ बास."

दुपारपर्यंत अकरा नावं ठरली. बारावं राहिलं. निवड समितीतल्या एकांनी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, की शेवटच्या डावात लोहार आणि पाटोळे या दोघींवर नजर आहे. पाटोळे म्हणजे मी. दोघी एकाच बाजूला, पाठलाग करणाऱ्यांत. पळणारी बाजू आमच्या जिल्ह्याची सर्वात चपळ पोरगी घेऊन उतरली होती. सकाळपासून तिला कुणी शिवलं नव्हतं.

मैदानाच्या कडेला वहिनी प्राजूला कडेवर घेऊन उभी होती. मामा आले नव्हते. "माझं काम झालं, आता मी बघणार न्हाई, काळीज हाय मला," असं म्हणून दुकानातच थांबले होते.

शेवटचं मिनिट राहिलं. मी पाटीत मधल्या चौकोनात बसलेले. माझ्या पाठीमागच्या बाजूनं वनिता त्या पोरीचा पाठलाग करत होती. पोरीनं हूल दिली, माझ्या आणि शेजारणीच्या मधून निसटली आणि माझ्या समोरच्या बाजूला आली, हाताच्या अंतरावर. वनितेला आता पाटी ओलांडता येणार नव्हती. तिनं मलाच खो द्यायचा होता. मागं तिची धाप ऐकू आली. समोर ती पोरगी वळायला लागली होती. अजून एक क्षण, आणि ती गेली असती. कडेवरून प्राजूचा आवाज आला, "आईऽऽ!"

मी उठले. 'खो' शब्द माझ्या कानावर पडला तेव्हा मी उभी होते, आणि माझा हात त्या पळणाऱ्या पोरीच्या खांद्याला लागला होता.

शिट्टी वाजली. गडी बाद. लोक ओरडले. वहिनीनं प्राजूला उंच उचललं.

तेवढ्यात मागून वनिता म्हणाली, "सर, खो बसला न्हवता."

सगळं थांबलं. पंच आमच्याकडं आले. त्यांच्या बाजूनं वनितेच्या अंगाआड माझी पाठ दिसली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"काय म्हणालीस?"

"माझा हात पोचायच्या आधी ताई उठल्या. हात लागलाच न्हाई."

"बारावी जागा ह्यांना जाईल म्हणून बोलतीस व्हय?" समितीतले एक तिकडून म्हणाले. दोघे-तिघे हसले. वनितेचं तोंड उतरलं.

"न्हाई सर. खरंच लागला न्हाई."

पंच माझ्याकडं वळले. "पाटोळे, तू मोठी आहेस. तू सांग. हात लागला का?"

माझ्या पाठीला कळत होतं. हात टेकला नव्हता. टेकायला आला होता, आणि मी गेले होते. दीड महिना लोखंड उचलून मी माझे पाय इतके पेटवले होते, की ते आता माझ्याही पुढं पळत होते. खरं बोलायचं तर फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

मी कडेला पाहिलं. प्राजू वहिनीच्या खांद्यावर बसून माझ्याकडं हात हलवत होती.

"लागला," मी म्हणाले.

पंचांनी मान हलवली. "खेळात असं बोलू नये, पोरी," ते वनितेला म्हणाले, आणि समितीच्या वहीत बारावं नाव माझं लिहिलं गेलं.

परतीच्या एसटीत प्राजू माझ्या मांडीवर झोपली. वहिनीनं खिडकीबाहेर बघत विचारलं, "हात लागला हुता?"

"लागला."

"बरं," ती म्हणाली. दोन आठवडे तिनंच माझ्या पाठीवर हात मारला होता. तिनं परत कधी विचारलं नाही, आणि मीही तिच्या डोळ्यात नीट बघितलं नाही.

संघ राज्यात दुसरा आला. पुढच्या वैशाखात मला नोकरी लागली. तालुक्याच्या गावी दोन खोल्या घेतल्या, प्राजूला बालवाडीत घातलं. स्थळ कधीच परत गेलं होतं. मी जे मागितलं होतं ते सगळं मिळालं, आणि रोज सकाळी लेकीची वेणी घालताना पाठीवर कुणाचातरी हात येतोय, अजून पोचत नाही, असं मला वाटत राहायचं.

एका रविवारी दारात वनिता उभी. हातात पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट.

"बाबांनी आणखी एक वर्स दिलंय," ती म्हणाली. "मी लई रडले तवा. तुमचे पाय किती दिवसांत झाले तसे?"

"दीड महिन्यात."

"मला शिकवाल?"

मामांनी गज आणि चकत्या माझ्या अंगणात पोचवल्या. दर रविवारी ती पहिल्या एसटीनं यायची. मी तिला तेच सांगितलं. अर्धं वजन, खाली सावकाश, वर बंदुकीसारखं, पाच झाले की बसायचं. वहिनीनं मला शिकवलं तसं मी तिच्या मागं उभी राहून खो द्यायची. कधी जोरात, कधी हलका, कधी हात न लावता नुसताच ओरडून. न लावलेल्या हातावर ती कधीच उठली नाही. पुढं तिचं सगळं नीट झालं, हे सांगून मी स्वतःला सोडवून घेणार नाही. त्या वर्षाचं तिचं जे गेलं ते गेलंच.

सहाव्या रविवारी तिनं शेजाऱ्यांच्या भिंतीशी उडी मारली, ठिपका सहा बोटं वर. ती हसली, आणि ते हसणं मला सहन झालं नाही.

"वनिता," मी म्हणाले, "त्या दिवशी हात लागला नव्हता."

ती बोटांचा खडू ओढणीला पुसत होती. हात थांबला नाही.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस? इथं कशाला आलीस?"

"दुसरं कुणाकडं जाऊ? फुकट शिकवणारं कोण हाय मला? तुम्ही मातुर न्हाई म्हणू शकणार न्हवता."

तिनं गज खांद्यावर घेतला, माझ्याकडं पाठ केली आणि सावकाश खाली बसली.

"तीन फेऱ्या ऱ्हायल्यात," ती म्हणाली. "द्या खो. नीट हात लावून द्या."